आकाशातले वावर

वावर हे नाव महाराष्ट्राला ठाऊक झाले ते १९९२ साली. जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी या गावांत कुपोषणाने लहान मुले दगावली आणि त्याचे पडसाद मुंबईपर्यंत उमटले. तेव्हापासून जव्हार-मोखाडा ही जोडी वर्तमानपत्रांत आली ती बहुतेक वेळा त्याच एका शब्दाच्या सोबतीने. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्हा विभागला गेला, हे दोन्ही तालुके पालघर जिल्ह्यात आले, पण ओळख फारशी बदलली नाही. एखाद्या मुलखाची अशी एकच ओळख उरावी, हे काही बरे नव्हे. वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी यांच्या या डोंगराळ मुलखात आणखीही पुष्कळ काही आहे. त्यातली एक गोष्ट तर अशी आहे, की मुंबई-ठाण्याच्या माणसाने ती केव्हाच गमावली आहे. ती म्हणजे रात्रीचा काळोख.

मार्गशीर्षात अमावास्येच्या आसपास, रात्री नऊच्या सुमाराला, गावातल्या दिव्यांपासून जरा दूर जाऊन पूर्वेकडे तोंड करून उभे राहावे. वर कृत्तिकांचा पुंजका, त्याच्या खाली तांबूस रोहिणी आणि तिच्या खाली मृग नक्षत्राचा मोठा चौकोन व त्याच्या पोटात घुसलेला तीन ताऱ्यांचा बाण. शेतकऱ्याला ही नावे पावसामुळे माहीत असतात. रोहिणीचा पाऊस, मृगाचा पाऊस. गंमत अशी, की पावसाच्या त्या दिवसांत ही नक्षत्रे रात्री दिसत नाहीत, कारण तेव्हा सूर्यच त्यांच्या घरी मुक्कामाला असतो. ती रात्रभर दिसतात थंडीत, धान्य घरात येऊन पडल्यावर.

नाशिक-खानदेशाकडे शेताला ‘वावर’ म्हणतात. रोहिणी आणि मृगाच्या या पट्ट्यात आकाशाचेही एक वावर आहे. तिथे पेरणी चालू आहे, कुठे अंकुर फुटले आहेत, कुठे पीक उभे आहे. तिथे पिकतात ते तारे, आणि ताऱ्यांभोवती ग्रह. आपली पृथ्वी कशी घडली, हे पाहायला आपण ४५६ कोटी वर्षे मागे जाऊ शकत नाही. पण दुसऱ्यांच्या पृथ्व्या कशा घडत आहेत, हे या वावरात आज पाहता येते. गेल्या तीस वर्षांत खगोलशास्त्रज्ञांनी नेमके तेच केले आहे. त्यातून जे समजले ते प्रत्येक घरात सांगावे असे आहे.

पंचांगातला पुरावा

ग्रहमाला कशी जन्मली याचा पहिला पुरावा दुर्बिणीतून मिळालेला नाही. तो आपल्या भिंतीवरच्या पंचांगात आहे. गुरू आज अमुक नक्षत्रात, शनी तमुक राशीत, असे पंचांग सांगते. पण मंगळ सप्तर्षींत गेला किंवा शनी ध्रुवाजवळ आला, असे कधी कोणी वाचले आहे काय? असे होत नाही. सगळे ग्रह सत्तावीस नक्षत्रांच्या त्याच एका वाटेने जातात. सूर्य आणि चंद्रही तीच वाट धरून चालतात. याचा अर्थ असा, की सगळे ग्रह जवळजवळ एकाच पातळीत, एखाद्या परातीत ठेवल्यासारखे फिरतात, आणि तेही सगळे एकाच दिशेने. आपण त्याच परातीत बसलेले असल्याने आपल्याला परातीची फक्त कड दिसते. ती कड म्हणजेच आपला नक्षत्रपट्टा.

हा योगायोग असू शकत नाही, असे जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७५५ मध्ये आणि फ्रेंच गणिती लाप्लासने १७९६ मध्ये मांडले. ग्रह वेगवेगळ्या ठिकाणांहून येऊन सूर्याला चिकटलेले नाहीत, सूर्याभोवती फिरणाऱ्या वायू आणि धुळीच्या एकाच तबकडीतून ते घडले असले पाहिजेत, असे त्यांचे म्हणणे. कल्पना सुरेख होती, परंतु तशी तबकडी कोणी पाहिलेली नव्हती. ती पहिल्यांदा दिसायला १९८४ साल उजाडावे लागले. बीटा पिक्टोरिस नावाच्या दक्षिणेकडच्या एका ताऱ्याभोवती कडेवरून दिसणारी धुळीची पातळ तबकडी छायाचित्रात आली. पुढे १९९० च्या दशकात हबल दुर्बिणीने मृगातल्या तेजोमेघात नवजात ताऱ्यांभोवतीच्या कितीतरी तबकड्या दाखवल्या. मृगाच्या बाणाजवळ तीन अंधुक ताऱ्यांची जी एक लहानशी ओळ आहे, तिच्या मधला ठिपका नीट पाहिला तर धुरकट वाटतो. तोच हा तेजोमेघ. जव्हारच्या काळोखात तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो.

फुगडी आणि तारपा

तबकडी होते कशी? सुरुवात होते ती ढगापासून. आपल्या ढगात पाणी असते, त्या ढगात मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियम वायू, आणि वजनाने सुमारे एक टक्का बारीक धूळ. त्याचे तापमान शून्याखाली सुमारे २६० अंश. तो इतका विरळ असतो, की आपल्या प्रयोगशाळेतल्या उत्तम निर्वात पोकळीतही त्याहून अधिक अणू सापडतील. पण पसारा अवाढव्य. रोहिणीच्या दिशेला असा एक ढग सुमारे ४५० प्रकाशवर्षांवर आहे. खुद्द रोहिणीचा तारा आपल्यापासून ६५ प्रकाशवर्षांवर आहे. म्हणजे ढग तिच्या पुष्कळ मागे पसरला आहे.

या ढगाचा एखादा भाग स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने आत ढासळू लागतो. तो अगदी मंद का होईना, पण फिरत असतो. फुगडी घालणाऱ्या मुली एकमेकींच्या जवळ आल्या की गिरकी कशी वाढते, हे आपण पाहिलेले आहे. तसेच इथे होते. ढग आकसतो तशी त्याची गिरकी वाढते. या गिरकीमुळे मधोमधच्या पातळीतला वायू सहजासहजी आत पडू शकत नाही. वरून आणि खालून मात्र तो पडत राहतो. परिणामी गोळ्याची चपटी चकती होते. मध्यभागी तारा पेटायला लागतो आणि भोवती तबकडी फिरत राहते.

या भागात तारपा वाजू लागला की वादकाला मध्ये घेऊन नाचणाऱ्यांची साखळी फिरते. वारली चित्रांतून ती आता जगभर पोहोचली आहे. तबकडीचे चित्र मनात आणायचे तर हेच आणावे, फक्त एक फरक करून. नाचात हातात हात गुंफलेले असल्याने सगळे एका ठेक्यात चालतात. तबकडीत कोणी कोणाचा हात धरलेला नसतो. आतल्याला धावावे लागते, बाहेरचा रमतगमत चालतो. बुध ८८ दिवसांत सूर्याची फेरी पुरी करतो, पृथ्वी वर्षात, गुरू सुमारे १२ वर्षांत, तर नेपच्यूनला १६५ वर्षे लागतात. तबकडी केव्हाच विरून गेली, तरी तिचा ठेका अजून चालू आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी. ढगातले जवळजवळ सारे द्रव्य तारा घेऊन जातो. आपल्या सूर्यमालेत हजार भागांतले ९९८ हून अधिक भाग एकट्या सूर्याकडे आहेत. उरलेल्या जेमतेम दीड भागात आठ ग्रह, त्यांचे चंद्र, लघुग्रह, धूमकेतू आणि आपण सगळे. ग्रह हे उरल्यासुरल्यातून घडले आहेत.

रोहिणीच्या शेजारचे छायाचित्र

६ नोव्हेंबर २०१४ रोजी एक छायाचित्र प्रसिद्ध झाले आणि या विषयाचे रूप पालटले. हात लांब करून रोहिणीच्या शेजारी एखादे बोट धरले, तर त्या बोटाआड झाकला जाईल इतक्या जवळ एचएल टॉरी नावाचा एक तारा आहे. डोळ्यांना तो दिसत नाही, कारण तो धुळीत गुरफटलेला आहे. त्याचे वय फार तर दहा लाख वर्षे. सूर्याच्या तुलनेत पाळण्यातले मूल. त्याच्या तबकडीचे चित्र दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशात, आटाकामाच्या वाळवंटात सुमारे पाच हजार मीटर उंचीवर असलेल्या आल्मा या वेधशाळेने घेतले. चित्रात तबकडीवर एकाबाहेर एक अशी तेजस्वी कडी आणि त्यांच्यामध्ये काळे पट्टे स्पष्ट दिसत होते. नांगराचे तास ओढावेत तसे.

आल्मा काम कसे करते, हे समजायला मराठी माणसाला चिलीला जाण्याची गरज नाही. जुन्नर तालुक्यात खोडदजवळ, प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे. तिथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत, आणि त्या सगळ्या मिळून एकाच महाकाय दुर्बिणीसारखे काम करतात. आल्मातही हेच तत्त्व आहे, तबकड्या ६६. फरक लहरींचा. खोडदची दुर्बीण मीटरच्या मापाच्या लांब लहरी टिपते, आल्मा मिलिमीटरच्या मापाच्या. थंड धूळ नेमकी याच लहान लहरींत उजळते. आपल्याकडेही ताऱ्यांच्या जन्मस्थानांचा अभ्यास जुना आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने हैदराबादहून बलून सोडून, त्याला एक मीटर व्यासाची अवरक्त दुर्बीण टांगून असे ढग १९८० च्या दशकापासून न्याहाळले. नवजात ताऱ्यांभोवतीच्या तबकड्यांवर त्या संस्थेत आजही काम चालते.

एचएल टॉरीच्या काळ्या पट्ट्यांचा अर्थ काय? सर्वांत सरळ अर्थ असा, की त्या वाटांवरचे द्रव्य नवे ग्रह गोळा करत आहेत किंवा बाजूला सारत आहेत. पट्टे पडण्याची इतरही कारणे असू शकतात, म्हणून शास्त्रज्ञ सावधपणे बोलत होते. पण २०१८ मध्ये नरतुरंग तारकासमूहातल्या पीडीएस ७० या सुमारे पन्नास लाख वर्षे वयाच्या ताऱ्याच्या तबकडीतल्या मोकळ्या जागेत प्रत्यक्ष ग्रहाचे छायाचित्र मिळाले. पुढच्या वर्षी तिथेच दुसराही ग्रह सापडला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये विस्पिट २ नावाच्या, तरुणपणीच्या सूर्यासारख्या एका ताऱ्याच्या तबकडीत, दोन कड्यांच्या मधल्या रिकाम्या पट्ट्यात, वाढत असलेला ग्रह दिसला. तास होता तिथे बी होते, याची खात्री पटली.

एकट्याचे आणि गर्दीचे

धुळीच्या कणापासून ग्रहापर्यंतचा प्रवास मात्र सोपा नाही. सुरुवातीचे कण सिगारेटच्या धुरातल्या कणांएवढे. ते हलके आपटतात आणि एकमेकांना चिकटतात, जशी कपाटाखाली धुळीची गोंडी जमते. असे होत होत ते वाळूच्या, मग खडीच्या आकाराचे होतात. आणि इथे अडचण सुरू होते. खडे एकमेकांवर आदळले की चिकटत नाहीत. उसळतात किंवा फुटतात.

दुसरी अडचण याहून बिकट. तबकडीतला वायू स्वतःच्या दाबामुळे थोडा सावकाश फिरतो, दगडाला मात्र थोडे वेगाने फिरावे लागते. म्हणजे दगडाला सतत समोरून वारा लागतो. सायकलवाल्याला लागतो तसा. त्याने त्याचा वेग मोडतो आणि तो ताऱ्याकडे घसरू लागतो. पृथ्वीच्या अंतरावर असलेला मीटरभर आकाराचा दगड अशा रीतीने काही शे वर्षांतच ताऱ्यात जाऊन पडेल, असे गणित सांगते. मग ग्रह झाले कसे? कित्येक वर्षे हा प्रश्न शास्त्रज्ञांना छळत होता.

त्याचे आज सर्वांत पटणारे उत्तर २००५ नंतर पुढे आले. एकटा दगड वाऱ्यापुढे हरतो. पण काही कारणाने खडे एका ठिकाणी दाट झाले, तर ते आपल्याबरोबर वायूलाही ओढत नेतात, आणि त्यांना लागणारा वारा कमी होतो. जत्रेत समोरून येणाऱ्या लोंढ्यात एकटा माणूस रेटला जातो, दहाजण मिळून निघाले तर वाट काढतात. असा घोळका सावकाश घसरतो, मागून येणारे खडे त्याला येऊन मिळतात, घोळका वाढतो. एका मर्यादेनंतर तो स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने मिटतो आणि एकदम शेकडो किलोमीटरपर्यंतचे पिंड तयार होतात. मधली, धोक्याची पायरीच ओलांडली जाते.

हे केवळ कागदावरचे नाही. १ जानेवारी २०१९ रोजी न्यू होरायझन्स हे यान सूर्यापासून सुमारे ६५० कोटी किलोमीटर अंतरावरच्या अ‍ॅरोकॉथ नावाच्या लहान पिंडाजवळून गेले. त्याने पाठवलेल्या चित्रांत दोन चपटे गोळे एकमेकांना हलकेच टेकून जुळलेले दिसले. आदळल्याच्या खुणा नाहीत, तडे नाहीत. जन्मापासून जवळजवळ तसाच राहिलेला हा दगड हळुवार जुळणीची साक्ष देतो.

मुदत

आता या सगळ्या कहाणीतली कळीची गोष्ट. ती म्हणजे वेळ.

जव्हार-मोखाड्यात पाऊस वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पडतो. आणि तरीही उन्हाळ्यात अनेक पाड्यांवर पाण्याचा टँकर यावा लागतो. पाऊस चार महिन्यांचा, जमीन उताराची, खाली कातळ. पडलेले पाणी वाहून जाते. नागली-वरईची रोपे वेळेवर लावली तर ठीक, नाहीतर वर्ष गेले. इथल्या माणसाला हे कोणी शिकवावे लागत नाही, की भरपूर असणे वेगळे आणि वेळेत हाती लागणे वेगळे.

ताऱ्याच्या तबकडीचेही असेच आहे. सुरुवातीला वायू भरपूर असतो. पण तारा त्यातला काही स्वतः गिळतो आणि उरलेला त्याच्या जंबुपार आणि क्ष-किरणांनी तापून उडून जातो. साधारण वीस-तीस लाख वर्षांत निम्म्या ताऱ्यांच्या तबकड्या संपतात, आणि एक कोटी वर्षांनंतर क्वचितच एखादी शिल्लक असते. सूर्याच्या आयुष्याशी तुलना केली तर हा एक पावसाळाच.

ज्या पिंडाने या मुदतीत बांध घातला, तो धनी झाला. गुरूने तो घातला. मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यान एक अदृश्य रेषा होती, तिला हिमरेषा म्हणतात. तिच्यापलीकडे थंडी इतकी, की पाण्याची वाफ गोठून बर्फ होई. त्यामुळे तिथे धुळीच्या जोडीला बर्फाचेही कण मिळाले, बांधकामाला सामान जास्त झाले. गुरूचा गाभा भराभर वाढला. गाभा पृथ्वीच्या दहापटींच्या घरात पोहोचला, की त्याचे गुरुत्वाकर्षण भोवतालचा वायू अनावर वेगाने ओढू लागते. गुरू आज पृथ्वीच्या ३१८ पट वजनाचा आहे. शनी ९५ पट. युरेनस आणि नेपच्यून यांचे गाभे तयार व्हायला उशीर झाला असावा. तोवर वायू ओसरत आला होता. म्हणून ते पृथ्वीच्या अनुक्रमे सुमारे साडेचौदा आणि सतरा पटींवरच थांबले. काही प्रचंड ग्रह मात्र तबकडीचा तुकडाच एकदम कोसळून झाले असावेत, असेही काही शास्त्रज्ञ मानतात. तो वाद अजून मिटलेला नाही.

आतल्या बाजूला चित्र निराळे. तिथे बर्फ नाही, सामान तुटपुंजे. वायू निघून गेल्यावर चंद्र-मंगळाएवढे कित्येक पिंड उरले आणि ते एकमेकांवर आदळत राहिले. त्यातून काही कोटी वर्षांत शुक्र आणि पृथ्वी घडल्या. शेवटच्या मोठ्या टकरींपैकी एकीत उडालेल्या राडारोड्यातून आपला चंद्र झाला, असे आज बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. आणि मंगळ? तो पहिल्या काही दशलक्ष वर्षांतच जवळजवळ पुरा झाला आणि तिथेच थांबला. पृथ्वीच्या एक दशांश वजनाचा हा ग्रह म्हणजे वाढ खुंटलेले पोर आहे. त्याच्या भोवतीचे सामान संपले. लहान राहिल्यामुळे तो आतून लवकर थंड झाला, त्याचे चुंबकीय कवच विझले, हवा हळूहळू निसटली आणि एकेकाळी वाहणारे त्याचे पाणी आटले.

कपराड्याचा दगड

इतक्या जुन्या काळाचे दिवस मोजले कसे? त्याची वही आकाशातून आपल्या अंगणात पडते. जव्हारच्या उत्तरेला, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून असलेल्या गुजरातच्या कपराडा भागात २००४ च्या ऑक्टोबरमध्ये एक उल्कापाषाण पडला. तो कोंड्राइट या सर्वसामान्य जातीचा आहे. अशा बहुतेक पाषाणांचा छेद घेतला, तर आत नागलीच्या दाण्याएवढ्या किंवा त्याहूनही बारीक गोल गोळ्या दिसतात. सूर्याभोवतीच्या तबकडीत धूळ अचानक वितळली आणि तिचे थेंब निवाले, त्या या गोळ्या. काही जातींच्या पाषाणांत पांढरट ठिपकेही असतात. ते सूर्यमालेतले सर्वांत जुने घन कण. त्यांतल्या किरणोत्सारी मूलद्रव्यांवरून त्यांचे वय ४५६ कोटी ७० लाख वर्षे निघते. तिथून आपले घड्याळ सुरू होते. अशाच पाषाणांच्या तुलनेवरून गुरूचा गाभा पहिल्या दहा लाख वर्षांतच मोठा झाला असावा, असा निष्कर्ष २०१७ मध्ये काढण्यात आला.

जुलै २०२५ मध्ये याच घड्याळाचा पहिला ठोका दुसरीकडे पडताना दिसला. मृगातल्या होप्स ३१५ या नवजात ताऱ्याभोवती, सुमारे १,३०० प्रकाशवर्षांवर, तापलेल्या वायूतून खनिजांचे पहिले कण नुकतेच गोठू लागल्याचे जेम्स वेब दुर्बीण आणि आल्मा यांनी मिळून टिपले. आपल्या उल्कापाषाणांतल्या जुन्या कणांचा जन्म असाच झाला असणार.

घर बदलणारे ग्रह

आपली ग्रहमाला शिस्तीची आहे. लहान खडकाळ ग्रह आत, मोठे वायूचे बाहेर. सगळीकडे असेच असेल, अशी समजूत होती. १९९५ मध्ये मायोर आणि केलो या स्विस शास्त्रज्ञांनी सूर्यासारख्या ताऱ्याभोवती पहिला ग्रह शोधला आणि ती समजूत कोसळली. गुरूच्या तोलाचा तो ग्रह ताऱ्याला अवघ्या चार दिवसांत फेरी घालत होता. या शोधाला २०१९ चे नोबेल मिळाले.

आपल्या देशाने नाव दिलेला ग्रहही याच जातीचा आहे. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघटनेने प्रत्येक देशाला एक तारा आणि त्याचा ग्रह यांचे नामकरण करू दिले. भारताने ताऱ्याला ‘बिभा’ हे नाव दिले, ते पदार्थवैज्ञानिक बिभा चौधुरी यांच्या स्मरणार्थ; त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही काम केले होते. ग्रहाचे ‘संतमस’ हे नाव पुण्यातल्या एका शाळकरी मुलाने सुचवलेले. संतमस गुरूपेक्षा जड आहे आणि त्याचे वर्ष सुमारे दोन दिवसांचे आहे. ताऱ्याच्या इतक्या जवळ, त्या भट्टीत, तो घडला असण्याची शक्यता कमी. तो दूर जन्मला आणि नंतर आत सरकला असावा. तबकडीतला वायू ग्रहाला ढकलू शकतो, ग्रह एकमेकांनाही वाटेवरून हुसकावतात. आपला गुरूही थोडाफार इकडेतिकडे झाला असावा, पण तो आत आला नाही. आला असता तर वाटेतली पृथ्वी राहिली नसती. २०२५ च्या सप्टेंबरात परग्रहांची नोंदलेली संख्या सहा हजारांवर गेली, आणि त्यांत आपल्यासारखी नेटकी घडी असलेली माला अजून विरळाच सापडते.

वाढीचे वय

या सगळ्यातून हाती काय आले? ग्रह कशाचा बनला आहे हे महत्त्वाचे खरेच, पण त्याला वाढीच्या वयात वेळेवर काय मिळाले यावर त्याचे पुढचे कोट्यवधी वर्षांचे आयुष्य ठरते. नंतर कितीही काळ गेला तरी मंगळाला पृथ्वी होता येत नाही.

ग्रह आणि मूल यांची तुलना फार ताणू नये. पण वावरचे नाव घेतल्यावर ती मनात येतेच. गर्भारपणापासून मूल दोन वर्षांचे होईपर्यंतच्या साधारण हजार दिवसांत त्याला जे अन्न मिळत नाही, त्याची भरपाई पुढे करणे फार अवघड असते, असे वैद्यकशास्त्र सांगते. दोन्हींत फरक आहे तो एवढाच, आणि तो फार मोठा आहे. तबकडीतला वायू कोणी थांबवू शकत नाही. अंगणवाडीतला आहार, पाड्यावरचे पाणी आणि गरोदर बाईला वेळेवर मिळणारी तपासणी मात्र माणसांच्या हाती आहे.

आणि पोट भरल्यावर मुलांना आकाशही मिळाले पाहिजे. जव्हार-मोखाड्यातल्या आश्रमशाळेतल्या मुलाकडे मुंबईतल्या कुठल्याही महागड्या शाळेकडे नसलेली वेधशाळा डोक्यावर आहे. तिला लागणारे सामान थोडे आहे: एक साधी द्विनेत्री, नक्षत्रे ओळखणारे एक शिक्षक किंवा ताई आणि अंगणातले दिवे तासभर मालवण्याची परवानगी. आधी कृत्तिका मोजाव्यात, मग रोहिणीशेजारच्या काळोखाकडे बोट दाखवून तिथे काय चालले आहे ते सांगावे, मग द्विनेत्री मृगातल्या त्या धुरकट ठिपक्यावर लावावी. सहली काढून डोंगर-धबधबे पाहायला जाणाऱ्या शहरी कुटुंबांनीही एक रात्र तिथे राहावे आणि मुलांना हे दाखवावे. मार्गशीर्ष-पौषाची अमावास्या त्यासाठी उत्तम. अंगावर घोंगडी मात्र घ्यावी. तिथली थंडी चांगलीच बोचते.